टायमिंग बेल्टचा ताण

मोटारीच्या इंजिनात क्रँकशाफ्टची (पिस्टन फिरवतात त्या दांड्याची) गती कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचवणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट. क्रँकचे २ फेरे होतात तेव्हा कॅमचा १ व्हावा लागतो. हा हिशेब चुकू नये म्हणून पट्ट्याला नेमका ताण लागतो. सगळ्याच इंजिनांत पट्टा नसतो, कित्येकांत साखळी असते; मारुती ८०० मात्र पट्टेवाली.

पट्टा सैल राहिला तर जोर पडताच तो पुलीवरचा एखादा दात उडी मारून पुढे सरकतो आणि हिशेब चुकतो. काही इंजिनांत मग पिस्टन थेट उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. इंदूरहून धुळे-नाशिककडे निघालेल्या मराठी कुटुंबाची गाडी बिजासन घाटात अशी बंद पडली, तर टोचन करून आणण्यावाचून गत्यंतर नाही. पट्टा फार ताणला, तर इंजिनातून बारीक शीळ ऐकू येते आणि टेन्शनरचे (पट्ट्याला ताण देणाऱ्या पुलीचे) बेअरिंग लवकर जाते. वॉटर पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर त्याचेही.

ताण गार इंजिनावरच लावायचा. तापल्यावर इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड प्रसरण पावतात, पुल्यांमधले अंतर वाढते, पट्टा आपोआप घट्ट होतो. गरम इंजिनावर बरोबर वाटलेला ताण गार झाल्यावर सैल निघतो. माळव्यातल्या मे महिन्यात भर दुपारी बॉनेट उघडून हे काम उरकू नये. गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजात सोडलेली बरी.

क्रँक आणि कॅमच्या पुल्यांवरच्या खुणा जुळवून पट्टा चढवताना सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला आली पाहिजे. मारुती ८०० सारख्या इंजिनात टेन्शनरची स्प्रिंगच ताण देते. क्रँक पान्याने, इंजिन फिरते त्याच दिशेने, पूर्ण २ फेरे फिरवायचा, मग बोल्ट आवळायचा आणि खुणा पुन्हा पाहायच्या. उलटे फिरवले की ढील भलत्या बाजूला सरकते. स्वयंचलित टेन्शनरवर काटा खाचेसमोर आणावा लागतो. काही कंपन्या पट्टा टिचकावून त्याची कंपने मोजायला सांगतात, ताण हर्ट्झमध्ये देतात.

जुने मिस्त्री पट्ट्याचा सर्वांत लांब भाग अंगठा आणि तर्जनीत धरून पिळतात. ९० अंश वळला की ठीक. अंदाजाला हे चालेल, पण पट्ट्याची रुंदी बदलली की हाताचा अंदाज फसतो, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतले माप घ्यावे. तेल लागलेला पट्टा ताणून पुन्हा वापरू नये. आधी गळणारे ऑइल सील बदलावे, मग नवा पट्टा चढवावा.