२०० की ३६० ज्यूल? डिफिब्रिलेटर घेण्याआधी

डॉक्टरसाहेब, हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या या मशीनबद्दल फोनवर पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : "३६० ज्यूलचं मशीन आहे का?" एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात अशा) पेशंटला शॉक देऊन लय ताळ्यावर आणायची असेल, तर शॉकच्या ऊर्जेच्या नुसत्या या आकड्यावरून मशीन ठरवू नका.

आजची नवी मशीन बायफेजिक असतात. जुन्या मोनोफेजिकमध्ये करंट एकाच दिशेने जाई. बायफेजिकमध्ये मध्येच दिशा उलटते आणि कमी ज्यूलमध्ये काम भागते. पण करंटची घडण प्रत्येक कंपनीची निराळी. झॉलच्या मशीनमध्ये पहिल्या टप्प्यात करंट जवळजवळ सपाट राहतो, कमाल २०० ज्यूल. लाइफपॅकचा उतरत जातो, कमाल ३६०. फिलिप्सचाही उतरताच, पण मर्यादा २०० ची. त्यामुळे आकडा तोच असला तरी छातीतून जाणारा करंट तोच असेल असे नाही. (आम्ही मशीन विकतो, तेव्हा आमचे बोलणे त्या हिशेबाने घ्या.)

मात्र जे घ्याल ते पूर्ण ताकदीने वापरायला कचरू नका. डेन्मार्कमधल्या २०२० च्या चाचणीत थेट ३६० ज्यूलचे शॉक दिलेल्यांपैकी ८८ टक्क्यांची लय परतली. १२५, १५०, २०० असे चढत गेलेल्यांत ६६ टक्क्यांची. हृदयाच्या स्नायूला जास्त इजा झाल्याचे दिसले नाही. शॉक देणारे चिकट पॅड कुठे लावता, यानेही फरक पडतो. तिथल्याच २०२१ च्या चाचणीत छातीवर पुढे आणि डाव्या कुशीत पॅड लावल्यावर पहिल्या शॉकला ५४ टक्के यश आले, छाती-पाठ लावल्यावर ३३. आधीचे काही अभ्यास उलट सांगतात, म्हणून केबल दोन्ही जागी पोचेल एवढी लांब हवी.

आमच्या मते खरी परीक्षा सिंक बटणाची, म्हणजे शॉक हृदयाच्या ठोक्याशी जुळवणाऱ्या बटणाची. शॉक आर वेव्हवर, म्हणजे ईसीजीतल्या ठोक्याच्या टोकदार लहरीवर पडला पाहिजे. तिच्या मागच्या टी वेव्हवर पडला तर व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाचे खालचे कप्पे नुसते थरथरतात अशी जीवघेणी लय) सुरू होऊ शकते. स्क्रीनवर प्रत्येक आर वेव्हवर खूण दिसते का, ती टी वर तर उमटत नाही ना, लांबून वाचता येते का, हे पाहा. बऱ्याच मशीनमध्ये शॉक दिला की सिंक आपोआप बंद होतो. दुसऱ्या शॉकआधी पुन्हा दाबावा लागतो. ही सेटिंग बदलता येते का, विचारा. शिवाय सिंकमध्ये बटण दाबताक्षणी शॉक जात नाही, आर वेव्हची वाट पाहतो. नवख्या सिस्टर घाबरून बोट उचलतात, मग शॉक जातच नाही. सार्वजनिक ठिकाणी लावलेले एईडी, म्हणजे स्वयंचलित डिफिब्रिलेटर, या कामाचे नाही.

पॅड एकदाच वापरायचे, त्यांना मुदत असते आणि एका कंपनीचे दुसऱ्याला सहसा बसत नाहीत. कोटेशनमध्ये त्यांची किंमत वेगळी लिहून मागा, बॅटरीचीही.

डेमोला आम्ही मशीन आणि ईसीजी सिम्युलेटर (पेशंटशिवाय ईसीजीची लय दाखवणारे उपकरण) दवाखान्यात आणतो. सिंकचे बटण त्या वेळी सिस्टरांनाच दाबू द्या.