पद्मकाष्ठ
(सं. पद्मक, हिं. पद्दम; हिमाचली पाजा; गढवाली पयां; नेपाळी पैयुं; लॅ. प्रुनस सेरासॉइडीस, कुल – रोझेसी). हिमाचल प्रदेशापासून नेपाळ, ईशान्य भारत, म्यानमार व उत्तर थायलंडमार्गे नैर्ऋत्य चीनपर्यंतच्या डोंगरांत साधारण १,२०० ते २,४०० मी. उंचीवर आढळणारा रानटी चेरीचा पानझडी वृक्ष.

सातारा-सांगलीकडे हा वृक्ष नैसर्गिकरीत्या उगवत नाही. तेथे त्याची ओळख काष्ठौषधींच्या दुकानांतील सुक्या, तांबूस तुकड्यांपुरतीच आहे. या भागात रस्त्याकडेला व परसात ‘चेरी’ म्हणून वाढणारे झाड (सिंगापूर चेरी, मुंटिंजिया कॅलब्युरा) मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून अगदी वेगळ्या कुलातील आहे, आणि केकवर लावली जाणारी ‘चेरी’ तर पुष्कळदा साखरेत मुरवलेले करवंदच असते.

खोडाची साल तपकिरी, चकचकीत असून आडव्या पातळ पट्ट्यांनी सुटते. पाने साधी, एकाआड एक, लांब टोकाची व दातेरी कडांची असून देठाच्या वरच्या भागात लहान ग्रंथी असतात. बहुतेक चेरी वसंतात फुलतात. हा वृक्ष मात्र शरद ऋतूच्या अखेरीपासून हिवाळ्यात, बहुधा पाने झडल्यावर, पांढरट ते गुलाबी फुलांनी भरून जातो. त्या दिवसांत डोंगरांवर इतर फुलोरा कमी असल्याने मधमाश्यांना त्याचा मोठा आधार होतो. फळ अश्मगर्भी (आत कठीण कोय असलेले), लंबगोल, पिकल्यावर लाल ते काळपट व आंबट-तुरट असते.

नावाविषयी मतभेद आहेत. लाकडाला कमळासारखा गंध असल्याने ‘पद्मक’ असे काही निघंटुकार (औषधी द्रव्यांचे कोश लिहिणारे) मानतात, तर काहींच्या मते फुलांचा वर्ण हे कारण होय. गंधावरील भर औषधी द्रव्याच्या परीक्षेशी अधिक जुळतो. ‘पद्दम’ हे लोकनाम संस्कृत शब्दाचाच अपभ्रंश दिसते, आणि त्यावरूनच प्रुनस पुड्डम हे जुने शास्त्रीय नाव आले. डी. डॉन या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८२५ मध्ये, ब्युकॅनन-हॅमिल्टन यांनी नेपाळमध्ये जमवलेल्या सामग्रीच्या आधारे, सध्याचे नाव प्रसिद्ध केले. चिनी वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला सेरासस या वेगळ्या प्रजातीत (जीनसमध्ये) घालतात. प्रुनसची व्यापक व्याख्या मात्र अधिक रूढ आहे. जपानी चेरींचे मूळ हिमालयात असल्याचे विधान वारंवार केले जाते, पण ते गृहीतकाच्या पुढे नेणे धाडसाचे ठरेल.

चरकसंहितेत पद्मक वर्ण्य (कांती सुधारणाऱ्या) व वेदनास्थापन (वेदना शमवणाऱ्या) या महाकषायांत, म्हणजे औषधींच्या गटांत, येतो. सुश्रुताच्या सारिवादी गणात तो चंदन व उशीर (वाळा) यांच्याबरोबर आहे, म्हणजे दाह व पित्त यांवरील उपयोग जुनाच. वाग्भटाने त्याच्या नावाने पद्मकादी गण सांगितला आहे. औषधात खोड वापरतात. त्यातून सॅक्युरॅनेटिन, प्रुनेटिन यांसारखी फ्लेव्होनॉइड वर्गातील संयुगे वेगळी केली गेली आहेत. बियांत ॲमिग्डॅलिन हे संयुग असून बिया चावल्यास अथवा कुटल्यास त्यातून विषारी हायड्रोसायनिक आम्ल सुटते. त्यामुळे फळ खाल्ले जात असले, तरी बिया टाकून देणेच योग्य.

कुमाऊँ-गढवालमध्ये हा वृक्ष पवित्र मानतात व लग्नमंडपास त्याच्या फांद्या बांधतात. लाकूड टिकाऊ असून त्याच्या हातकाठ्या करतात. उत्तर थायलंडमध्ये उजाड डोंगरउतारांवर पुन्हा जंगल उभे करताना ही जाती आवर्जून लावतात, कारण ती झपाट्याने वाढते आणि तिच्या फळांकडे येणारे पक्षी इतर झाडांच्या बियाही तेथे आणून टाकतात.