बाजूने दिसणारा चेहरा : तज्ज्ञांची रेघ आणि लोकांची नजर

बडोदा संस्थानच्या जुन्या चांदीच्या रुपयावर सयाजीरावांचा चेहरा बाजूने कोरलेला आहे. पगडीखाली कपाळ, नाक, ओठ, हनुवटी, सगळी एकच कडा. आरशात आपल्याला आपली ही कडा दिसतच नाही. दिसते ती पंगतीत शेजारी बसलेल्याला, नाहीतर लग्नाच्या अल्बममध्ये. म्हणून ‘दात पुढे आहेत’ ही तक्रार पुष्कळदा मुलीची नसते, तिच्या आईची असते.

दातांना तारा लावणाऱ्यांच्या शास्त्रात हा विषय पुतळ्यापासून सुरू झाला. दातांच्या ठेवणीचं वर्गीकरण 1899 मध्ये मांडणारे एडवर्ड अँगल अपोलो बेल्व्हेडेअर या अपोलो देवाच्या प्राचीन संगमरवरी पुतळ्याच्या चेहऱ्याला आदर्श मानत. पुढे त्यांनी पुतळा बाजूला ठेवला आणि सगळे दात राखून नीट बसवले की चेहरा आपोआप चांगला दिसतो, असं धरून चालले. त्यांचेच शिष्य ट्वीड यांना मात्र असे उपचार झालेले काही चेहरे तोंडापाशी फुगीर वाटले. त्यांनी त्याच पेशंटांच्या चार उपदाढा (सुळ्यांमागचे दात) काढून पुन्हा उपचार केले. हा वाद अजून मिटलेला नाही.

1931 मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोकं स्थिर धरून बाजूने एक्स-रे काढण्याची पद्धत आणली आणि नजरेची जागा कोनांनी घेतली. डाउन्स यांनी 1948 मध्ये दिलेली या कोनांची प्रमाणं अवघ्या 20 जणांवरून काढलेली होती. रिकेट्स यांची रेघ आजही रोज वापरतात: नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत. युरोपीय वंशाच्या प्रौढ चेहऱ्यात वरचा ओठ तिच्या सुमारे 4 मिमी आणि खालचा 2 मिमी मागे असावा, असा संकेत. गोम अशी की रेघेची दोन्ही टोकं ओठांबाहेर आहेत. हनुवटी मागे असेल तर बरे ओठही पुढे आलेले वाटतात. नाक लांब असेल तर पुढे आलेले ओठही रेघेत बसतात. ओठ ताणून मिटलेले असताना मोजलं तर हनुवटीवर सुरकुत्या पडतात आणि माप फसतं. नजर दूर, दाढा टेकलेल्या, ओठ सैल, हे पाळावंच लागतं.

लोकांना काय आवडतं हे विचारायला बराच उशीर झाला. 1957 मध्ये रीडेल यांनी सिएटलच्या उत्सवातल्या सुंदरींचे चेहरे मोजले. 1970 मध्ये पेक यांनी मॉडेल, नट-नट्या आणि सौंदर्यस्पर्धांतल्या विजेत्या असे 52 चेहरे तपासले. लोकांच्या पसंतीचे ओठ ग्रंथांतल्या मापांपेक्षा जास्त भरलेले आणि पुढे होते. पुढच्या अभ्यासांत काळ्या छायाकृती आल्या: हनुवटी थोडी थोडी सरकवायची, आणि बघणाऱ्याने तो चेहरा किती आवडला याची 100 मिमीच्या रेषेवर खूण करायची. डोळे, केस, रंग गाळल्याने तुलना स्वच्छ होते, पण असा चेहरा रस्त्यात कुणालाच भेटत नाही.

वय हाही घोळ आहेच. मुलग्यांचं नाक आणि हनुवटी विशीच्या आसपासपर्यंत वाढत राहते. तेराव्या वर्षी ओठ रेघेला टेकले म्हणून उपदाढा काढल्या, तर विसाव्या वर्षी तेच ओठ आत गेलेले आणि नाक आहे त्याहून मोठं दिसू शकतं.