मचूळ पाण्याचं गणित: 50 ने भागायचं की 75 ने?

आमच्या खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मे महिना आला की मचूळ लागायला लागतं. आई चहाच्या पहिल्याच घोटाला ओळखते, पण किती मचूळ ते जिभेला आकड्यात सांगता येत नाही, त्याला टायट्रेशनच करावं लागतं, म्हणजे माहीत ताकदीचं द्रावण थेंब थेंब घालून पाण्यातलं क्लोराईड (मिठाचा एक घटक) मोजायचं.

कॉलेजात असताना मी हेच पाणी बाटलीत भरून लॅबमध्ये नेलं होतं. 50 मिली पाणी फ्लास्कमध्ये घेतलं, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थोडे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं, मग ब्युरेटमधून (खुणा असलेली तोटीची काचनळी) 0.02 मोलर (लिटरला 0.02 मोल, मोल म्हणजे कणांच्या संख्येचं माप) सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं (हात सांभाळा, डाग पडला की कातडी काळी पडते नी बरेच दिवस जात नाही). सिल्व्हर आधी क्लोराईडला धरतं, पांढरा साका होतो, आणि क्लोराईड संपत आलं की मग क्रोमेटकडे वळतं, की रंग विटकरी. मोर नावाच्या जर्मन केमिस्टची ही 1856 ची पद्धत.

ब्युरेट 25 मिली उतरली. म्हणजे 0.02 गुणिले 25, अर्धा मिलिमोल सिल्व्हर, नी एकास एक म्हणून क्लोराईडही तेवढंच. फ्लास्कमध्ये आता 75 मिली आहे म्हणून मी 75 ने भागलं, मिलिमोलला 35.5 मिलिग्रॅम क्लोराईड धरून लिटरला 237 मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 250, म्हणजे आमची विहीर पास! पण क्लोराईड आलं होतं विहिरीच्या 50 मिलीतून, 25 मिली तर मीच ओतलेलं. 50 ने भागलं तर 355. विहीर नापास.

75 लागतात कधी, तर त्या क्षणी फ्लास्कमध्ये काय आहे ते काढायचं असेल तेव्हा. सिल्व्हर नायट्रेटमधून आलेलं नायट्रेट 0.5 भागिले 75, म्हणजे 0.0067 मोलर. आणि क्लोराईड? मला वाटायचं शून्य, पण साका किंचित विरघळलेला असतोच. विरघळलेले सिल्व्हर नी क्लोराईड दोन्ही सारखे, त्यांच्या मोलर आकड्यांचा गुणाकार ठरलेला, 1.8 × 10⁻¹⁰, वर्गमूळ काढलं की साधारण 0.000013 मोलर, लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. इथे 50 पण नको नी 75 पण नको.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 19 ग्रॅम क्लोराईड असतं. म्हणजे ते 355 सगळं समुद्राचं धरलं तरी शंभर हंड्यांत पुरते दोन हंडेही खारं पाणी शिरलेलं नाही, आणि तेवढ्यात चहा बिघडतो.