वेळापत्रक म्हणजे वेळेचा हिशोब नव्हे

‘मी वेळेचा हिशोब ठेवतो’ म्हणणाऱ्याची वही उघडून बघा. बहुतेकदा आत वेळापत्रक निघतं. ६ ते ७ व्यायाम, ७ ते ९ अभ्यास, रकाने आखलेले, रंगसुद्धा दिलेले. पण हे सगळं आधी लिहिलेलं. हिशोब मागाहून लिहायचा असतो. घरखर्चाच्या भाषेत एक अंदाजपत्रक, दुसरा जमाखर्च. आणि पैसे गेले कुठे, हे अंदाजपत्रकातून कधीच कळत नाही.

छापखान्याचा मालक आणि पुढे अमेरिकेचा मुत्सद्दी झालेल्या बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात आपला दिनक्रम तक्ता करून दिला आहे. पहाटे ५ ला उठणं, ८ ते १२ काम, मग दोन तास वाचन, जमाखर्च तपासणं आणि जेवण, २ ते ६ पुन्हा काम. हे झालं वेळापत्रक. तो तक्ता सगळीकडे फिरतो, पण त्याच पुस्तकात फ्रँकलिनने दिलेली कबुली कुणी सांगत नाही: प्रत्येक कामाला ठरलेली वेळ देण्याच्या या शिस्तीनेच त्याला सगळ्यात जास्त छळलं. छापखान्यातल्या कामगाराला ती जमेल. मालकाकडे माणसं त्यांच्या सवडीने येतात, त्याला कशी जमावी?

रशियन कीटकशास्त्रज्ञ अलेक्सांद्र ल्युबिश्चेव यांनी दुसरी वाट धरली. १९१६ पासून १९७२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी केलेल्या कामाला किती वेळ लागला ते रोज टिपलं, महिन्याची आणि वर्षाची बेरीज मांडली. पुढच्या बेतासाठी त्यांच्या हाताशी स्वतःचेच आकडे असत.

एवढा चिवटपणा माझ्यात नाही. मी दोन आठवडे नोंद ठेवली, पंधरा-पंधरा मिनिटांच्या हिशोबाने. पहिली चूक लगेच झाली: रात्री बसून दिवस आठवायला लागलो. आठवणीतला दिवस संशयास्पद सुबक निघतो, वेळापत्रकाचीच नक्कल वाटावी इतका. मग काम बदललं की त्याच क्षणी लिहायला लागलो. मंगळवारची एक ओळ अशी: ‘११:०५ अहवाल. ११:२० फोन. ११:५० अहवाल, कुठे होतो ते शोधतोय.’ ही शेवटची पंधरा मिनिटं कुठल्या वेळापत्रकात असतात?

आणखी एक. आठवड्याचे तास १६८. हिशोबात ते सगळे भरावे लागतात. झोप, प्रवास, नुसतं बसणं, सगळं धरून. वेळापत्रकात नको ते वगळता येतं, म्हणून ते दिसायला नेहमी छान असतं.

दोन्हींपैकी आधी काय, असं विचाराल तर माझं मत हिशोबाच्या बाजूने. नोंद आधी, बेत नंतर. माझ्या जुन्या वेळापत्रकात लेखनाची वेळ सकाळी ८ होती. दोन आठवड्यांच्या नोंदीत ते ८:४० च्या आधी एकदाही सुरू झालेलं नव्हतं. नव्या वेळापत्रकात ८:४० च लिहिलं आहे.