हलकी सायकल-भ्रमंती

तंबू, स्टोव्ह आणि शिधा घरी ठेवून, रोज एखाद्या गावी छपराखाली मुक्काम करत अनेक दिवस सायकलने केलेला प्रवास. सोबतचे सामान साधारण ५ ते ८ किलोंचे असते: कपड्यांचा एक जास्तीचा जोड, पंक्चरचे साहित्य, दिवे, औषधे, कागदपत्रे. तंबूसह निघणाऱ्याचे ओझे सहज २० किलोंवर जाते आणि त्याला लांब चौकटीची खास टूरिंग सायकलच लागते. हलक्या भ्रमंतीला शर्यतीच्या घाटणीची रोड सायकलही चालते, पण तीन गोष्टी बघून: तिच्यात किती जाड टायर मावतो, चढाचा सर्वांत हलका गिअर कोणता आणि बॅग कुठे बांधता येते. म्हणून आधी सामान जमवून काट्यावर तोलावे आणि मगच सायकल बघायला जावे. बहुतेकदा होते उलटे. सायकल हौसेने घरी येते आणि तिला कॅरियर बसवायची भोकेच नाहीत, हे निघायच्या आदल्या आठवड्यात कळते.

या प्रकाराला आकार देण्यात फ्रान्सचा वाटा मोठा आहे. सेंत-एत्येन येथील पॉल द विव्ही (१८५३–१९३०) 'वेलोसियो' या टोपणनावाने आपल्या 'ल सिक्लिस्त' या नियतकालिकात लिहीत आणि प्रवासी सायकलीला एकाहून अधिक गिअर हवेतच, असा आग्रह धरत. तूर द फ्रान्स शर्यतीत डिरेल्युअर गिअरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेला) परवानगी मिळाली ती १९३७ साली. प्रवासी सायकलस्वार ते आधीपासून वापरत होते. पुढे फ्रेंच कारागिरांनी मडगार्ड, दिवे आणि पुढच्या चाकावरच्या छोट्या रॅकवर चौकोनी बॅग असलेली प्रवासी सायकल नावारूपाला आणली. २०० किमी आणि त्यापुढच्या बीआरएम राइड, म्हणजे शर्यत नसलेल्या पण ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, याच परंपरेतल्या. महाराष्ट्रात अनेकांची पहिली रोड सायकल बीआरएमसाठी घेतली जाते आणि नंतर तिच्यावरच भ्रमंती सुरू होते.

जुन्या रोड सायकलींना २३ किंवा २५ मिमी रुंदीचे टायर असतात. सामान लादून आपल्या रस्त्यांवर ते पुरत नाहीत. खड्ड्यात आपटले की ट्यूब रिमच्या दोन कडांखाली चेमटते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोके पडतात. २८ मिमी ही किमान रुंदी धरावी. ३२ मिमी मावत असेल तर विचार करत बसू नये. डिस्क ब्रेकच्या सायकलींत ही जागा बहुधा मिळते. मागच्या चाकाचे आरेही मोजावेत, कारण निम्म्याहून जास्त भार त्याच चाकावर पडतो. २० किंवा २४ आऱ्यांच्या चाकात एक आरा तुटला, तरी चाक इतके आउट (वाकडे) होते की रिम ब्रेकला घासू लागते. ३२ आऱ्यांचे चाक तेवढ्यावर मुक्काम गाठून देते आणि तालुक्याच्या गावचा सायकलवालाही त्याचा आउट काढू शकतो.

गिअरच्या बाबतीत हिशेब मांडून बघावा. पुढच्या चकतीला ३४ दाते आणि मागच्या चकतीला २५, असा सर्वांत हलका गिअर असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर वेग ताशी १० किमीच्या वर हवा. सामानासह घाटात, तेही तिसऱ्या दिवशी दुपारी, हा वेग टिकत नाही. पाय अडकत अडकत फिरू लागतात आणि ताण गुडघ्यांवर येतो. मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (चकत्यांचा संच) बसवली की तोच फेरा सुमारे २.१ मीटरवर येतो आणि ताशी पावणेआठ किमीला पाय निवांत फिरतात. मात्र मागचा डिरेल्युअर एवढी मोठी चकती पेलतो का, हे मेकॅनिककडून आधी बघून घ्यावे. नवी चाके किंवा कार्बनची फ्रेम घेण्याऐवजी पहिला खर्च इथे करावा.

सामान पाठीवर घेऊ नये. ३ किलोंची सॅकसुद्धा दिवसभरात खांदे आणि बैठक दोन्ही दुखवते. कॅरियर लावता येत असेल तर दोन लहान पॅनियर (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) सर्वांत सोयीचे, कारण वजन खाली राहते आणि मुक्कामी ते झटकन काढता येतात. अडचण टाचेची. रोड सायकलीचे मागचे चाक पेडलच्या जवळ असते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला टाच पॅनियरला लागू शकते. दुकानातच बूट घालून, पॅनियर लावून पेडल उलटे फिरवून बघावे. कॅरियरचे बोल्ट खडबडीत रस्त्यावर सैल होतात. त्यांच्या आट्यांना थ्रेडलॉक (बोल्ट धरून ठेवणारा डिंक), नाहीतर नेलपेंट लावण्याची युक्ती चांगली चालते. एकदोन जास्तीचे बोल्ट पिशवीत असावेतच.

कार्बनच्या चौकटीला क्लॅम्प आवळून कॅरियर बसवणे धोक्याचे आहे. तिथे सीटखालची लांब बॅग आणि चौकटीतली लहान बॅग हा मार्ग उरतो. सीटखालची बॅग ढिली भरली की उभे राहून पेडल मारताना शेपटीसारखी हलते. म्हणून अवजारे सीटपोस्टला टेकून, कपडे मागच्या टोकाला ठेवावेत आणि पट्टे पुन्हापुन्हा आवळावेत. पट्ट्याखाली अडकलेली धूळ रंग खरवडते. त्या जागी आधीच पारदर्शक टेप चिकटवावी. बॅग वॉटरप्रूफ म्हणून विकली असली तरी कपडे आत प्लास्टिकच्या पिशवीतच बांधावेत.

या साऱ्याची खरी परीक्षा कोकणात होते. मांडव्याहून मुरूडमार्गे दक्षिणेकडे निघाल्यास आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. धक्क्यावर उतरले की सड्यावर (वरच्या खडकाळ पठारावर) चढायचे आणि पुढच्या खाडीसाठी पुन्हा खाली यायचे. सह्याद्रीच्या घाटासारखा लांब चढ नसतो, पण छोटे चढ अंगावर येतात. हलका गिअर नसेल तर सायकल हाताने ढकलावी लागते. उतारावर सायकल वेगाने सुटली की खड्डा उशिरा दिसतो. वाळू आणि खाऱ्या हवेने चेन करकरू लागते, तेव्हा रोज संध्याकाळी ती फडक्याने पुसून तेल द्यावे. बोटीत रोड सायकलीला स्टँड नसतो. कठड्याला टेकवून पुढचा ब्रेक दाबावा आणि लिव्हरला रबर अडकवावा. मग बोट डोलली तरी भरलेली सायकल घरंगळत नाही.