अ‍ॅक्रिलिक शाबूत, पुठ्ठा जळाला

इंदूरला आमच्या घरी आकाशकंदील अजून घरीच होतो. गेल्या वर्षी त्याची जाळी कापायला मी आणि माझ्या भाच्याने लेझर कटर बांधला. कार्डशीट सुरेख कापलं गेलं. हुरूप येऊन पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ठेवलं. निळा ठिपका फिरला, धूर निघाला. उचलून बघतो तर अ‍ॅक्रिलिकवर ओरखडाही नाही, आणि खालच्या पुठ्ठ्यावर अख्खी नक्षी जळून उमटलेली!

आमचा लेझर डायोड, म्हणजे विजेवर लेझर प्रकाश देणारा छोटासा भाग, 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश देतो. खिडकीच्या काचेतून ऊन जावं तसा तो पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो. पुठ्ठा मात्र तो शोषून घेतो, तापतो आणि जळतो. ज्याने प्रकाश शोषला तेच कापलं जाणार. म्हणून काळं अ‍ॅक्रिलिक याच यंत्रावर कापता येतं.

पारदर्शक अ‍ॅक्रिलिकला कार्बन डायऑक्साइड लेझर हवा. त्याचा 10.6 मायक्रोमीटरचा अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही, पण त्याच्यापुढे तेच अ‍ॅक्रिलिक डांबरासारखं काळं! हा लेझर 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. हे सांगताना मला दर वेळी आनंद होतो. पण या लेझरच्या नळीला हजारो व्होल्ट लागतात. घरी तो खेळ नको, म्हणून आम्ही डायोडवरच थांबलो.

डायोडचा प्रकाश अवघा 5 वॅटचा. भिंगाने तो 0.1 मिलिमीटरच्या ठिपक्यात गोळा केला की तिथली तीव्रता दुपारच्या उन्हाच्या 6 लाख पटींहून जास्त होते. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल तर उंची जरा चुकली की काय होतं ते माहीत असेलच. इथेही तसंच. त्यासाठी आम्ही प्लायचा एक तुकडा मापाचा करून ठेवलाय; दर वेळी तो खाली सरकवून उंची लावतो.

लेझर इकडेतिकडे सरकवण्याचं काम स्टेपर मोटरचं, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या मोटरचं. एका फेरीत 200 पावलं, मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, प्रत्येकाचे 16 भाग करतो. पुलीच्या एका फेरीत पट्टा 40 मिलिमीटर सरकतो, म्हणजे मिलिमीटरला अशी 80 बारीक पावलं. पट्टा सैल राहिला तर मात्र वर्तुळ सुरुवातीला येऊन मिळत नाही, सांध्यात पायरी पडते. आमचे पहिले चार कंदील असेच गेले.

डोळ्यांबद्दल कळकळीने सांगते. निळा प्रकाश बुबुळातून थेट पडद्यावर एकवटतो आणि पापणी मिटायच्या आत इजा करतो. स्टीलच्या पट्टीवरून परावर्तित झालेलाही. उन्हाचा गॉगल इथे कुचकामी. 450 नॅनोमीटरसाठीचाच चष्मा आणि यंत्रावर बंद खोकं हवंच. यंत्र चालू असताना खोलीतून उठायचं नाही, आग लागू शकते.

शेवटचा प्रश्न रेक्झिनचा. भाच्याला त्याची पाकिटं कापायची होती. गच्चीत तांब्याची तार लालबुंद तापवून रेक्झिनला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. ज्योत हिरवी झाली. म्हणजे त्यात क्लोरीन, पीव्हीसी हे क्लोरीनवालं प्लास्टिकच असणार. ते जाळलं की निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसं पोळतो आणि यंत्राचं लोखंडही गंजवतो. रेक्झिन गुंडाळून ठेवलं. पाकिटं कातरीनेच कापली.